मेज फार गोल होतं

१

आईचा हात मेजाच्या पोटात कोपरापर्यंत गेला होता आणि बाहेर येत नव्हता. अडकला नव्हता. आई आत काहीतरी चाचपडत होती, आणि जसजशी चाचपडत होती तसतसा तिचा चेहरा उतरत चालला होता.

समोर बाबा उभे होते. शेजारी अंकुशकाका. भूमिका दारात उभी होती. बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बाबांनी नुकताच कूलर बंद केला होता, त्यामुळे खोलीत एकदम शांतता पसरली होती.

"फळी नाही," आई म्हणाली. "इथी एक फळी होती. वर सरकवायची. तिच्यामागं डबी होती."

"डबी?" काकाने विचारलं.

"एकदाणीची. सासूबाईंची."

एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकेरी माळ. या घरात ती सुनेच्या गळ्यात पडायची, आणि घरात लग्न निघाल्याशिवाय त्या फळीला हात लावायचा नाही, अशी आजीची शिस्त होती. जाताना आजीने ती जागा फक्त थोरल्या सुनेला, म्हणजे रोशनीला, भूमिकाच्या आईला, सांगितली होती. आता काकाचा साखरपुडा आठवड्यावर आला होता. म्हणून आईने सगळ्यांना बोलावून, मेजाचा एक खण पूर्ण बाहेर काढून, आत हात घातला होता.

"आत नुसती पोकळी आहे," आई म्हणाली. "फळीही नाही, डबीही नाही."

काका हसला, पण ते हसू बरं नव्हतं. "वहिनी, ती जागा कोणाकोणाले माहीत होती?"

"मले एकटीले."

"मग झालं ना."

"अंकुश!" बाबा ओरडले.

"काहून ओरडून राहिला दादा? मी काही बोललो काय? तिनंच सांगितलं."

त्या शांततेत मेजातून आवाज आला.

टक्.

आणि जरा थांबून पुन्हा, टक्.

कोणी मेजाला शिवलेलंही नव्हतं. भूमिकाने दाराची चौकट घट्ट धरली. आबाजी, तिचे आजोबा देवराव, दोन वर्षांपूर्वी गेले होते. चहा हवा असला की ते याच मेजावर बोटांच्या पेरांनी असंच दोनदा वाजवायचे.

काकाने हळूच हात जोडले. "आबाजी सांगून राहिले," तो पुटपुटला. "चोर घरातच आहे."

२

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रतापनगरातल्या त्या घरात सगळी दारं बंद होती. मे महिन्यात नागपूरला दुपारी दार उघडं ठेवत नाहीत. पण भूमिकाला वाटलं, आज ही दारं उन्हासाठी बंद नाहीत.

आई बॅग भरत होती.

"कुठी चालली तू?"

"काटोलले. मामाकडं. थोडे दिवस."

"किती थोडे?"

आई साडीची घडी पुन्हा मोडून पुन्हा घालत राहिली. "संध्याकाळच्या बसनं जाते. तुझे बाबा म्हणतात, डोकी शांत होईपर्यंत जाऊन ये. काका म्हणते, मी गेली नाही त तो ठाण्यात माझं नाव देणार." मग तिने भूमिकाचा चेहरा हातात धरला. "मी नाही घेतली वं. तुले खरं वाटते ना?"

भूमिकाने मान हलवली. आई एकदा घराबाहेर गेली, की तिला परत कोण आणणार? आणि कसं?

ती पाणी प्यायला बैठकीत गेली. मेज मधोमध उभं होतं, शिसवी, काळसर, गोल. खाली एकच जाड खांब आणि त्याला वाघाच्या पंजासारखे तीन पाय. वर आजीने विणलेलं क्रोशाचं गोल टेबलक्लॉथ. कूलरची टाकी रिकामी झाली म्हणून बाबा तो बंद करून पाणी भरायला मागे गेले होते. खोली हळूहळू तापत होती.

टक्.

भूमिका जागीच थिजली. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून काकाचं दबकं बोलणं ऐकू आलं. तो फोनवर होता.

"सौरवभाऊ, मेजाचं दादाले काही सांगू नका. माझ्या गळ्यापर्यंत आलं आहे... हाव, हाव. तुम्ही गप राहा, मीही गप राहतो."

टक्. टक्.

भूमिका चपला न घालताच तापलेल्या रस्त्यावरून पळत सुटली.

३

पलीकडच्या गल्लीत यमुताई राहायच्या. शाळेत त्यांनी जन्मभर हस्तकला आणि चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाल्यावरही दर उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीखालच्या खोलीत पोरांचा गोंधळ चालायचाच. कागदाच्या होड्या, बांबूचे पूल, माचिसच्या काड्यांची घरं. यमुताई कोणाला उत्तर सांगायच्या नाहीत. "मोजून पाह्य," म्हणायच्या.

भूमिकाने रडत रडत सगळं सांगितलं. यमुताईंनी तिच्या भाजलेल्या पायांवर पाणी ओतलं आणि विचारलं, "टक्‌टक कधी होते? कूलर चालू असताना की बंद असताना?"

भूमिकाने आठवून पाहिलं. "बंद झाल्यावर. थोड्या वेळानं."

"भूतबाधा कूलरचं बटण पाहून येत नसते वं," यमुताई म्हणाल्या, आणि त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली. "चाल."

घरात शिरल्यावर त्या कोणाशी काही बोलल्या नाहीत. मेजाभोवती एक फेरी मारली आणि टेबलक्लॉथची कड दोन बोटांत धरली.

"रोशनी, हे कोणी विणलं?"

"सासूबाईंनी. वाकडंच विणलं बिचारीनं. दोन बाजूंनी नेहमी एकेक बोट जास्त लोंबायचं. आम्ही चिडवायचो तिले."

"आता त चारी बाजूंनी सारखं आहे."

आईने पाहिलं. खरंच, कड सगळीकडे एका रेषेत होती. "पॉलिश करून आल्यापासून नीट बसते," ती नवलाने म्हणाली.

"पॉलिश?" यमुताई वळल्या.

बाबांनी सांगितलं. एप्रिलमध्ये सगळे एका लग्नाला काटोलला गेले होते, तेव्हा मागे अंकुशने मेज पॉलिशला पाठवलं होतं. परत आले तर मेज आरशासारखं चमकत होतं. यमुताईंनी काकाकडे पाहिलं. काका कूलरकडे पाहत होता.

"भूमे, दोरा आण."

भूमिकाने शिवणाच्या डब्यातला जाड दोरा आणला. यमुताईंनी टेबलक्लॉथ काढलं. लाकडाच्या रेघा एका दिशेने गेल्या होत्या. "या रेघांच्या दिशेनं, बरोबर मधून मोज. गाठ मार. आता आडवं, रेघा कापत, मोज."

भूमिकाने मोजलं. गाठ कडेवर बरोबर बसली. केसाइतकाही फरक नव्हता.

"गोल आहे," ती म्हणाली.

"तोच त घोटाळा आहे," यमुताई म्हणाल्या. "ऐका. लाकूड वाळतं तेव्हा लांबीत आटत नाही, रुंदीत आटतं. शंभर वर्षांपूर्वी सुताराने कितीही गोल कापलेलं असू द्या, आज ते रेघांच्या आडवं बोट-दोन बोटं कमी भरणारच. जुनं गोल मेज गोल राहतच नाही. तुझ्या सासूबाईंनी टेबलक्लॉथ गोल विणलं होतं, रोशनी. वाकडं मेज होतं."

आईने बाजूला काढलेलं टेबलक्लॉथ उचलून हातात धरलं.

"आणि हा आवाज. हे लाकूड नीट वाळलेलंच नाही. कूलरची ओल पितं, फुगतं. कूलर बंद झाला की आपलं ऊन ती ओल ओढून घेतं, लाकूड आखडतं आणि सांधा बोलतो. आबाजी नाही बोलून राहिले."

बाबांनी मेजावर हात ठेवला आणि लगेच उचलला, जसं काही कोणा अनोळखी माणसाला हात लागला होता. "म्हणजे?"

"म्हणजे जितेंद्र, हे तुमचं मेज नाही."

४

भीती गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. आता भूमिकाला मेजाची नाही, काकाची भीती वाटत होती. तिने फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. सांगावं का? काकाने तिला सायकल शिकवली होती. काकाने आईला चोर म्हटलं होतं.

"काका," ती शेवटी म्हणाली, "सौरवभाऊ कोण?"

काकाचा चेहरा राखेसारखा झाला. बाबा पुढे सरसावले, पण यमुताईंनी छत्री आडवी धरली. "बस अंकुश. तुले मी पाचवीत चटया विणायले शिकवलं आहे. खोटं बोलला की तू खालचा ओठ चावते. आत्ताही चावून राहिला."

काका बसला.

सौरवचं रामदासपेठेत जुन्या लाकडी सामानाचं दुकान होतं. संक्रांतीला काकाने त्याला घरी आणलं होतं. स्वतःच्या लग्नाचा खर्च दिसत होता, आणि मेज विकलं तर काय येईल एवढंच पाहायचं होतं. सौरवने मेजाचे खूप फोटो काढले, टेप लावून मोजलं, आणि म्हणाला, हे फार तर पन्नास वर्षांचं, आपल्याच कोण्या मिस्त्रीनं केलेलं, याला काही भाव नाही.

"मी म्हटलं, दादा तसाही विकू देणार नाही. मग एप्रिलमध्ये त्याचाच फोन आला. म्हणे, ओळखीत पॉलिश करून देतो, फुकट. टेम्पो पाठवला. मले काय माहीत गा! मी त भ्यायलो, की दादाले समजलं मी मेज विकायले निघालो होतो, तर..." त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"म्हणून वहिनीवर ढकललं," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"मले खरंच वाटलं तिनंच घेतली! दुसऱ्या कोणाले ती जागाच माहीत नव्हती ना!"

यमुताई त्यांचं ऐकत नव्हत्या. त्या वाकून मेजावरचा एक डाग पाहत होत्या. काळा, अर्धचंद्रासारखा. "हा कशाचा?"

"आबाजींच्या किटलीचा," भूमिका म्हणाली. "मी लहान होते तेव्हाचा. गरम किटली ठेवली होती."

"दुसरा एखादा डाग होता?"

भूमिका लाजली. होळीला तिने रंगाची ओली पुडी मेजावर ठेवली होती. हातभर गुलाबी डाग पडला होता आणि तिने त्यासाठी बोलणी खाल्ली होती. "तो पॉलिशमध्ये निघाला."

"गुलाबी निघाला आणि काळा राहिला." यमुताईंनी रुमालाचं टोक औषधांच्या डब्यातल्या स्पिरिटमध्ये बुडवलं आणि अर्धचंद्रावर घासलं. रुमाल तपकिरी झाला. चंद्र अर्धा पुसला गेला.

"हा भाजल्याचा डाग नाही. रंगवला आहे," त्या म्हणाल्या. "आता सांग भूमे. ज्यानं ही नक्कल बनवली त्याले किटलीचा डाग माहीत होता, होळीचा नव्हता. त्यानं तुमचं मेज कधी पाहिलं असेल?"

भूमिकाने अर्ध्या पुसलेल्या चंद्राकडे पाहिलं. "होळीच्या आधी."

"होळीच्या आधी, फोटो काढून आणि टेप लावून, कोणी पाहिलं?"

काका एकदम उठला. "मघाशी फोनवर तो म्हणत होता, आज मुंबईचा टेम्पो भरतो आहे, फोन करू नको!"

५

रामदासपेठेतलं ते दुकान बाहेरून थंड आणि श्रीमंत दिसत होतं. दुकानाला लागून एक बोळ होता. बोळात एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून हाताला लागलेलं लाखेचं पॉलिश चिंधीने पुसत होते. काकाने ओळखलं. हे नत्थूजी, दुकानाचे पॉलिशवाले.

"नत्थूजी," यमुताईंनी विचारलं, "एप्रिलमध्ये तुम्ही एक गोल मेज पॉलिश केलं. त्यावरचा गुलाबी डाग कसा काढला?"

"गुलाबी?" नत्थूजींनी बोळाच्या तोंडाकडे पाहिलं. "मी त असा डागच नाही पाहिला बाई. माझ्या हाती कोरं मेज आलं. चार हात दिले तरी लाकूड पॉलिश पितच होतं." मग ते उठून उभे राहिले. "माझं नाव नका घेऊ. या वयात दुसरं काम कोण देणार मले?"

"आणि टेम्पोत चढवताना डाग होता?" यमुताईंनी काकाला विचारलं.

"होता ना! मीच ड्रायव्हरले दाखवला."

"म्हणजे घरून निघताना होता आणि नत्थूजींच्या हाती आला तेव्हा नव्हता. मधे फक्त एकच माणूस आहे." यमुताईंनी आईचा हात धरला. "जितेंद्र, तू इथीच थांब आणि ठाण्यात फोन कर. अंकुश, तुझं तोंड तो ओळखते, तूही बाहेरच. आम्ही बाया आत जातो."

आत पंख्याखाली खुर्च्या, कपाटं, आरसे दाटीने उभे होते. भूमिका आईला चिकटून चालत होती. प्रत्येक आरशात तिला स्वतःचाच घाबरलेला चेहरा दिसत होता. मागच्या बाजूला दोन हमाल गोधड्या आणि दोर घेऊन एका गोल मेजाजवळ उभे होते. त्याला वाघाच्या पंजाचे तीन पाय होते.

"या मॅडम," कोणीतरी अगदी मागून म्हणालं. भूमिका दचकली. सौरव गुळगुळीत दाढी केलेला, मऊ आवाजाचा माणूस होता.

"माझ्या नातीले जुनं सामान ओळखायले शिकवायचं आहे," यमुताई म्हणाल्या. "ही लांब हातांची खुर्ची?"

"इंग्रजी अमदानीतली. साहेब पाय पसरून बसायचे त्या हातांवर."

"आणि हे गोल कोपऱ्यांचं कपाट?"

"ते अलीकडचं. आपल्या आजोबांच्या लग्नाच्या वेळची फॅशन."

"वा, जाणकार आहा तुम्ही. आणि ते मेज?"

सौरव क्षणभर थांबला. पण कौतुक गोड लागलं होतं. "त्याची गोष्टच वेगळी. सव्वाशे वर्षांच्या वर. मधला खांब, पंजे, कडेचे खण हातानं कापलेले. बंगल्यांसाठी बनायची अशी. आता मिळत नाहीत."

"मग प्रतापनगरात तुम्ही पाहिलेलं, हुबेहूब असंच, ते पन्नास वर्षांचं कसं?"

पंख्याचा आवाज मोठा झाल्यासारखा वाटला. सौरव हसत होता, पण डोळे हसत नव्हते. "ती नक्कल आहे, मॅडम."

"आता आहे. संक्रांतीला नव्हती. भूमे, दोरा."

दोरा भूमिकाच्या हातून दोनदा निसटला. रेघांच्या दिशेने मोजलं, गाठ मारली. आडवं मोजलं. गाठ कडेच्या बाहेर लोंबली.

दोन बोटं.

"जुनी मेजं सगळी अशीच आटतात," सौरव शांतपणे म्हणाला. "याच्यावर तुमचं नाव लिहिलं आहे काय? हमाल, बांधा रे."

वरचे दोन्ही डाग घासून काढलेले होते. हमालाने मेजावर गोधडी टाकली. भूमिकाने आईकडे पाहिलं. आई भिंतीसारखी पांढरी झाली होती.

६

"थांबा," आई म्हणाली.

तिने गोधडी बाजूला सारली आणि एक खण पूर्ण बाहेर काढला. त्याच्या बगलेला, कधी कोणी पाहत नाही तिथे, लाकडाच्या फटीत गुलाबी रेघ उतरून वाळली होती. भूमिकाची होळी.

आईने आत हात घातला. कोपरापर्यंत.

भूमिकाला कालचा दिवस आठवला आणि तिने डोळे मिटून घेतले. त्याला सापडली असेल तर? आत पुन्हा नुसती पोकळी असेल तर? मग आई संध्याकाळच्या बसमध्ये बसेल आणि कोणीही, कधीही...

आत कुठेतरी लाकूड लाकडावरून सरकलं.

आईचा हात बाहेर आला तेव्हा तिच्या मुठीत एक काळी पडलेली डबी होती. झाकण उघडल्यावर पिवळे मणी कापसात गुंडाळून निजले होते.

सौरव एक पाऊल मागे सरकला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"तुम्ही फोटो काढले, माप घेतलं," यमुताई त्याला म्हणाल्या, अगदी एखाद्या पोराला गणित चुकल्यावर सांगावं तशा. "पण फळी फोटोत येत नाही. म्हणून नकलेत ती बसलीच नाही. घरच्यांना वाटलं कोणीतरी फळीमागचं नेलं. खरं म्हणजे फळीमागचं कोणी पाहिलंच नव्हतं. तुम्ही एकदाणी चोरली, आणि ते तुम्हालेच माहीत नव्हतं."

दारातून बाबा आणि मागोमाग दोन पोलीस आत येत होते. बोळातून नत्थूजीही हळूहळू आले. "बाई," ते म्हणाले, "माझं नाव घ्या. सांगतो मी, माझ्या हाती काय आलं ते."

काका दारातच अडला होता. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने मान खाली घातली. "वहिनी, मले काही पण बोला."

आईने डबीचं झाकण लावलं. मग तिने डबी त्याच्या हातात दिली. "माझ्या हातानं नव्या सुनेच्या गळ्यात घालणार होती, भाऊजी. आता तुम्ही घाला. आणि घालताना तिले सांगा, तुम्ही मले काय म्हटलं होतं ते."

ते काकाला सगळ्यात जड गेलं असावं.

पोलिसांचे सोपस्कार संपून मेज घरी आलं तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता. आईची बॅग रिकामी होऊन पलंगाखाली गेली होती. भूमिकाने टेबलक्लॉथ पसरलं. दोन बाजूंनी ते एकेक बोट जास्त लोंबलं. आईने सवयीने ओढून सारखं करायला हात पुढे केला आणि तो तसाच परत घेतला.

दुपारी बाबांनी कूलर बंद केला. खोली तापत गेली. भूमिका मेजापाशी बसून कान देत होती. जुनं लाकूड गप्प होतं.

मग तिने बोटांच्या पेरांनी मेजावर दोनदा वाजवलं.

टक्. टक्.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "आणते वं चहा, आणते. आबाजींवरच गेली पोरगी."